बंद दाराबाहेरून केलेलं वॅक्सिंग

"ताई, चिकटलं!" आतून सादिया ओरडली. "निघून नाही राहिलं!"

दार बंद. आतून कडी. आत सादिया, जिचा परवा निकाह होता ती नवरी. बाहेर मी. माह्या एका बाजूले तिची फूफी, म्हणजे आत्या. दुसऱ्या बाजूले तिची अम्मी, आणि अम्मीच्या कडेवर माही मिनू, नऊ महिन्याची, डोक्यापासून पायापर्यंत पावडरनं पांढरीफट. मिनू तेवढी खुश होती. बाकी आम्हा सगळ्यांचा श्वास अटकला होता.

"कुठे चिकटलं?" मी दाराले तोंड लावून विचारलं.

आतून हळूच, "गुडघ्याच्या वर."

फूफीनं डोळे मिटले. मीपण मिटले. कारण गुडघ्याच्या वर मले जायचंच नव्हतं. तसं सकाळीच ठरलं होतं, आणि ते ठरवता ठरवता माही नोकरी एकदा जाऊन वापस आली होती. आता दुसऱ्यांदा जाऊन राहिली होती.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

मी सौंसरले एका पार्लरात काम करते. नववी नापास आहे. लिहायची सवय नाही, जशी बोलते तशीच लिहून राहिली, आणि बोलते मी लय. मधात श्वास घे म्हणून माही सासू आठवण करून देते. लहानपणापासून मले भेव लागलं की मी बोलते, आणि मले भेव कायचंही लागते. मॅडमचं लागते, कुत्र्याचं लागते, बस सुटायचं लागते.

तर मॅडम त्या दिवशी म्हणल्या, "पल्लवी, पांढुर्ण्याचं बाहेरचं काम आहे. एकटी जाशील?"

बाहेरचं काम म्हणजे कस्टमरच्या घरी जाऊन करायचं. आजपर्यंत मी मॅडमच्या मागे बॅग धरून गेली होती, एकटी कधीच नाही. मी "हव" म्हणलं.

"ब्रायडल फुल पॅकेज आहे. फुल म्हणजे फुल. हात पूर्ण, पाय पूर्ण, पाठ, थ्रेडिंग, सगळं. काही सोडून आली तर मले चालणार नाही. आणि बिफोर-आफ्टर फोटो पाहिजे, स्टेटसले टाकायचा आहे. तक्रार आली तर घरीच बस मग, पोरगी सांभाळ. आणि तिले घेऊन जाऊ नको."

"नाही नेत मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूले ताप. मिनूले ठेवू कोणाजवळ? मिनूचे पप्पा कापसाच्या जिनिंगवर कामाले गेलेले. मग काय, एका खांद्यावर बॅग, दुसऱ्यावर मिनू, बसली बसमधे. पांढुर्णा येईपर्यंत मिनू तीन जणांच्या मांडीवर फिरून आली. स्टँडवर ऑटो केला. ऑटोवाले चाचा चांगले होते, म्हणून मी त्यायले घर येईपर्यंत सगळं सांगून टाकलं. की माहेर तिगावचं आहे, की नववीत गणितात गेली, की आज पहिल्यांदा एकटी काम करून राहिली, की मिनूले दात येऊन राहिले आणि काल चार वेळा जुलाब झाले. चाचा फक्त "अच्छा, अच्छा" करत होते.

सादियाचं घर मोठं. आंगणात संत्र्याचे क्रेट रचून ठेवलेले, तिच्या अब्बूचा संत्र्याचाच धंदा. पण त्या दिवशी घरात गडीमाणूस एकही नव्हता, फूफीनं सगळ्यायले बाहेर पाठवलं होतं. चाचानं दारातून बॅग देता देता फूफीले काहीतरी म्हणलं आणि हसून निघून गेले. फूफी म्हणजे उंच, चष्मा लावणारी, शाळेच्या बड्या बाईसारखी. तिनं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं.

"पार्लरवाली तूच?"

"हव."

"आणि ही?"

"ही माही पोरगी. सासूले ताप आला म्हणून आणली, रडत नाही, खरंच रडत नाही, मॅडमले नका सांगू."

मिनूनं लगेच भोकाड पसरलं.

ती लोकं आपसात हिंदी बोलत, माह्याशी मराठी. फूफीची मराठी माह्यापेक्षा साफ. तिनं पाणी दिलं, बसवलं, आणि सरळच विचारलं, "तुमच्यात काय? हिंदू का?"

"बौद्ध."

"अच्छा," म्हणून ती अम्मीकडे पाहून राहिली. दोघी उठून आतमधे गेल्या. कुजबुज सुरू.

आता मी खरं सांगते, मले त्या वेळेस काय वाटलं. मले वाटलं झालं. अशा "अच्छा"ची मले सवय आहे. एका घरी मेंदी लावायले गेली होती तर आडनाव ऐकून चहा दिला, पण वेगळ्या कपात, आणि तो कप मलेच धुवायले लावला. मी मिनूले छातीशी धरून बसली होती आणि मॅडमले काय सांगायचं त्याची मनात तयारी करून राहिली होती.

दोघी वापस आल्या. फूफी म्हणली, "बेटा, राग नको मानू. एक मसला आहे. मी आपाले फोन लावते, त्या मुलींच्या मदरशात शिकवतात. तूपण ऐक. तुझ्या पाठीमागे बोलायचं नाही मले."

आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

फूफीनं विचारलं की निकाहच्या आधी मुलीले तयार करायचं आहे, पार्लरवाली बाई आपल्या धर्माची नाही, तर तिच्यासमोर किती उघडं चालते.

आपाचा आवाज एकदम शांत, भाजीवालीले भाव विचारावा इतका साधा. त्या म्हणल्या, "बाईनं बाईसमोर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकायचं, हे पक्कं. त्याच्यात कोणतीही बाई आली. सख्खी बहीणही आली."

मी मधातच बोलली. राहवलंच नाही. "आईपण?"

"कोण बोललं?"

"पार्लरवाली," फूफी म्हणली.

"आईपण, बेटा," आपा म्हणल्या.

मी अम्मीकडे पाह्यलं. अम्मीनं मान हलवली, जशी काही रोजची गोष्ट. मग मले एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी एकटी बाहेर नव्हती. अम्मीपण माह्यासोबत बाहेरच होती.

"आता दुसऱ्या धर्माच्या बाईचं," आपा पुढे म्हणल्या. "त्याच्यात उलेमांची दोन मतं आहेत. काही म्हणतात तिच्यासमोर डोकंपण झाकून ठेवा, परक्या मर्दासमोर ठेवतो तसं. काही म्हणतात बाई ती बाई, बेंबी ते गुडघा पुरे. जे कडक सांगतात ते कारण काय देतात माहीत आहे? की ती घरी जाऊन आपल्या घरच्या मर्दांसमोर वर्णन करत बसेल. मुलगी अशी आहे, तशी आहे. वर्णन करणं तर आपल्या बायांलेही मना आहे. मग तुम्हीच पाहा. पोरगी भरोशाची आहे का? की बोलत फिरणारी आहे?"



फूफीनं चष्म्यावरून माह्याकडे पाह्यलं. "हिले दात येऊन राहिले ना?"

"हव," मी म्हणलं.

"काल चार वेळा जुलाब?"

"हव. तुम्हाले कसं..."

"आणि तू नववीत गणितात गेली. ऑटोवाल्यानं मले दारातच सगळं सांगितलं. म्हणला, भाभी, लय बोलते ही पोरगी."

मले धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अम्मी पदराआड हसून राहिली. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून पहिल्यांदा सादियाचा आवाज आला, "फूफी! तिनं दुसऱ्या कोणाचं काही सांगितलं का, की फक्त स्वतःचं?"

फूफीनं आठवून पाह्यलं. "फक्त स्वतःचं."

"सासूचं?"

"ताप आला एवढंच."

"सासूचं वाईट नाही बोलली आणि सासू घरी आहे," सादिया आतून म्हणली, "अजून काय भरोसा पाहिजे?"

फोनमधून आपाचं हसू ऐकू आलं. फूफीपण हसली, मग अम्मी, मग मी. हसता हसता रडूच आलं मले, इतकं भेव साचलं होतं.

तर ठरलं असं. दंड, हात, गुडघ्याखालचे पाय, पाठ मी करायचं. बेंबी ते गुडघा सादिया स्वतः करेल, कडी लावून, मी बाहेरून सांगायचं. भुवयांले दोरा लावायचा नाही, तेही त्यांच्यात चालत नाही. वरच्या ओठाचं चालते. आणि फोटो नाही.

"फोटो एकपण नाही?" मी विचारलं.

"फोटो तर शंभर मर्द पाहतील," फूफी म्हणली.

मॅडमचं फुल पॅकेज असं माह्या डोळ्यासमोर अर्धं झालं. म्हणलं जाऊ दे पल्लवी, पहिले हात तर कर.

काम सुरू झालं. मिनूले भूक लागली. मी कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड केलं, ओढणी डोक्यावरून घेतली, आणि त्या तंबूत तिले पाजायले बसली. मे महिना. आत दोघींले घाम.

अम्मी म्हणली, "काहून एवढं झाकून राहिली, बेटी? सगळ्या बायाच तर आहेत."

"लाज वाटते."

"आमच्यात बायांसमोर पाजायले मनाई नाही. आरामात बस."

"नको, मले नाही जमत."

सादिया हसायले लागली. "पाहा फूफी, आम्ही जे झाकतो ते हिले झाकायचं नाही, आणि आम्हाले ज्याची परवानगी आहे ते ही तंबू ठोकून झाकून राहिली! हिच्यासाठीही आपाले फोन लावा!"

तिथून जो हसायचा दौर सुरू झाला तो थांबलाच नाही. मी वॅक्सची पट्टी ओढली की सादिया ओरडे, ती ओरडली की मिनू हसे, मिनू हसली की फूफी चष्मा काढून डोळे पुसे. कामावर इतकी मी कधीच हसली नव्हती. मॅडमच्या पार्लरात हसलं तर आयब्रो वाकडी होते म्हणतात.

आणि त्याच हसण्यात माही चूक झाली.

वॅक्सचं असं असते. पहिले पावडर लावायची, म्हणजे घाम सुकते आणि वॅक्स चामडीले नाही, केसाले धरते. मग गरम वॅक्स केस उगवतात त्या दिशेनं पातळ पसरवायचं. वर कपड्याची पट्टी दाबायची. मग उलट्या दिशेनं एका झटक्यात ओढायची. हळू ओढली की दुखते, आणि मधात थांबलं की मेलं. वॅक्स थंड होते, पट्टी तिथेच बसते.

हे सगळं मी सादियाले समजावून सांगितलं. वॅक्सचा डब्बा, चाकू म्हणजे वॅक्स पसरवायची पट्टी, आणि कपड्याच्या पट्ट्या, सगळं आत दिलं. तिनं कडी लावली. मी बाहेरून गाडी चालवणं शिकवावं तसं सुरू केलं, "पातळ लाव! पातळ! श्रीखंड नाही आहे ते!"

"लावलं!"

"पट्टी दाब!"

"दाबली!"

तेवढ्यात मी मागे पाह्यलं. अम्मीच्या कडेवर मिनू. पांढरी. कान पांढरे, मान पांढरी, पापण्या पांढऱ्या. अम्मीच्या हातात डब्बा. माह्या कामाचा पावडरचा डब्बा. घामोळ्या आल्या म्हणून अम्मीनं प्रेमानं पूर्ण लेकरू पावडरनं सारवून काढलं होतं.

म्हणजे सादियाले मी पावडर दिलीच नव्हती.

"थांब!" मी ओरडली. "थांब, पावडर! पावडर राहिली!" आणि धाड धाड दार वाजवलं.

आता विचार करा. पोरगी आत कशी बसली असेल. तिच्या डोक्यात एकच, की कोणी आत येऊ नये. आणि दार एकदम धाड धाड वाजलं. तिनं काय केलं? जे ती लहानपणापासून करत आली ते. हाताले लागला तो दुपट्टा ओढला आणि अंगावर घेतला. डायरेक्ट वॅक्सवर.

म्हणून ते, "ताई, चिकटलं!"

"पट्टी चिकटली?" मी विचारलं.

"पट्टीपण."

"पण म्हणजे? अजून काय?"

"दुपट्टा."

फूफीचा आवाज बदलला. "कोणता दुपट्टा?"

आतून एकदम बारीक, "पिवळा वाला."

"गोटावाला? माझावाला?"



तो दुपट्टा फूफीच्या स्वतःच्या लग्नातला, कडेले गोटा म्हणजे जरीची किनार लावलेला. तीस वर्षं पेटीत कपूर घालून ठेवलेला. उद्या हळदीच्या वेळेस सादियाच्या डोक्यावर टाकायचा म्हणून काढला होता, त्याच खोलीत खुंटीवर टांगला होता. फूफी खुर्चीवर बसली. मी जमिनीवर बसली. माह्या तोंडातून शब्द सुटत चालले, "माही चूक आहे, मी पावडर नाही दिली, मी दार वाजवलं, मॅडम मले ठेवणार नाही, माही सासूपण..."

"चुप," फूफी म्हणली. रागानं नाही. "आता काय करायचं ते सांग."

अम्मीनंच मग पुन्हा आपाले फोन लावला. सगळं सांगितलं. आपा म्हणल्या, "मजबुरी असली तर पाहणारी पाहू शकते. जेवढं लागते तेवढंच, बाकी झाकून. दवाखान्यात नाही का चालत. पण आधी मजबुरी आहे का, हे मी इथून कशी सांगू? ते काम तिचं आहे. तिलेच विचारा."

आणि सगळ्या माह्याकडे पाहून राहिल्या. अम्मी, फूफी, टेबलावरचा फोन, आणि दाराच्या आतून सादियापण.

मले आजपर्यंत कोणी असं विचारलं नव्हतं. मॅडम सांगतात, मी करते. सासू सांगते, मी करते. इथे मले विचारून राहिले की तू सांग, आणि तू सांगशील तसं होईल.

खरं सांगते, एक मिनिट मनात आलं की म्हणून टाकावं, जावंच लागेल. पाच मिनिटाचं काम. मी आत गेली असती तर एका हातानं चामडी ताणून, दुसऱ्यानं धागा धागा सोडवून दुपट्टा वाचवला असता. पायही पूर्ण करून आली असती. मॅडमचं फुलही झालं असतं. आणि कोणाले कळलं असतं?

"बाहेरून होते," मी म्हणलं.

फूफी उठली. "होते?"

"खोबरेल तेल कोमट करून द्या. दहा मिनिट भिजवलं की सुटते. पोरगी सुटते. पण..."

"पण काय?"

"दुपट्टा जाईल. गोट्यावर तेलाचा डाग पडला की निघत नाही. दुपट्टा वाचवायचा असला तर मले आत जावं लागेल. पोरीले वाचवायचं असलं तर गरज नाही."

आतून सादिया म्हणली, "फूफी, तुम्ही म्हणसान तर ताईले येऊ दे आत. दुपट्टा तुमचा आहे."

तिचा आवाज रडवेला होता. तिले ते नको होतं हे दारातूनही कळत होतं. हसणं सगळं बंद झालं होतं.

फूफीनं चष्मा काढला, पुसला, घातला. मग दाराकडे पाहून म्हणली, "भाड में गया दुपट्टा. तीस साल से पेटी में पड़ा था, कौनसा रोज पहनती थी मैं."

आणि स्वयंपाकघरात स्वतः तेल गरम करायले गेली.

दाराची फट उघडली, एक हात बाहेर आला, वाटी घेतली, फट बंद. मी पुन्हा दाराशी. "बोटानं लाव. कडेपासून लाव. ओढू नको. गाणं म्हण, वेळ जाते." तिनं गाणं नाही म्हणलं, मिनूले हाका मारल्या. "मिनू!" आतून. "आँ!" बाहेरून. "मिनू!" "आँ!" अशी दहा मिनिटं. मग एक मोठी किंचाळी आणि लगेच, "निघालं! ताई, निघालं! केसपण निघाले!"

बाहेर आम्ही तिघी एकमेकीले धरून नाचलो. खोटं नाही सांगत. फूफीपण.

दुपट्टा बाहेर आला तेव्हा त्याच्यावर मधोमध एक मोठा डाग, आणि डागाले वॅक्सची पट्टी अजून चिकटलेली. फूफीनं तो उजेडात धरला आणि म्हणली, "उद्या हाच घालायचा. हळदीत तेलाचा डाग कोण पाहते?" मग मी पावडर दिली, दुसरी पट्टी सादियानं एका झटक्यात ओढली, आणि तिसरीपर्यंत तर ती मलेच शिकवायले लागली.

निघायच्या वेळेस अम्मीनं मिनूच्या हातात संत्र्याची बर्फी दिली आणि ती तिनं पावडरवर फासली. तेच ऑटोवाले चाचा न्यायले आले. बसल्या बसल्या त्यायनं विचारलं, "झालं काम? कशी आहे आमची नवरी? तिले मी शाळेत सोडत होतो, आता तर दिसतच नाही."

चाचा वाईट मनानं नव्हते विचारत. पण माह्या पोटात एवढं भरलं होतं, दुपट्टा, तेल, किंचाळी, फूफीचा नाच, की तोंड उघडलं असतं तर कुठे थांबली असती माहीत नाही. म्हणून मी तोंड दाबून धरलं. हसू येऊन राहिलं, डोळ्यातून पाणी, नाकातून आवाज, पण तोंड बंद. स्टँड येईपर्यंत. जिंदगीत एवढं कठीण काम मी केलं नाही, बाळंतपण धरून.

दुसऱ्या दिवशी मॅडम.

"फोटो?"

"नाही काढले."

"आयब्रो?"

"नाही केली."

"फुल लेग?"

"तिनंच केलं. मी बाहेर होती."

मॅडमनं कात्री खाली ठेवली. "मग तू गेली कायले होती? पोरगी खेळवायले?" आणि मिनूच्या पावडरचे डाग बॅगवर दिसत होते, ते त्यायनं पाह्यलेच होते.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. पांढुर्ण्याचा नंबर. "तक्रार असली तर पाहा," असं डोळ्यानंच म्हणून मॅडमनं स्पीकर सुरू केला. मी खुर्चीची पाठ धरली.

फूफीचा आवाज. "तुमची पोरगी लय बोलते."

मॅडम माह्याकडे पाहून राहिल्या. "माफ करा, मी तिले..."

"ऐका तर. काल आमचा ऑटोवाला मले विचारून राहिला की भाभी, त्या पोरीची तबियत खराब झाली का? येताना टेपरेकॉर्डर होती, जाताना स्टँडपर्यंत एक शब्द नाही बोलली. म्हणला, मी तिले विचारलं नवरी कशी आहे, तर तोंड दाबून बसली." फूफी थांबली. "माझ्या अजून दोन भाच्या आहेत, त्यांचे दिवाळीनंतर निकाह आहेत. हीच पाहिजे. तिच्या पोरीले पण पाठवा. पावडर आम्ही देऊ."

मॅडमनं फोन ठेवला. कात्री उचलली. मग म्हणल्या, "पुढच्या वेळेस डब्बे दोन नेत जा."

आता त्या भागातल्या घरांची सगळी बाहेरची कामं मलेच येतात. पांढुर्ण्याचीपण, बोरगावचीपण. नवीन शिकायले आलेल्या पोट्टीले मी दोनच गोष्टी शिकवते. पावडर आपल्या हातात ठेव. आणि कस्टमरच्या घरून निघाल्यावर फक्त स्वतःबद्दल बोल, मग कितीही बोल.

हे लिहायच्या आधी मी सादियाले फोन करून विचारलं. तिचं खरं नाव दुसरं आहे. ती म्हणली, "दुपट्ट्याचं नक्की लिही." ते लिहिलं. बाकी तुम्हीच वर जाऊन पाहा, ती उंच आहे का बुटकी, गोरी का सावळी, मी कुठे लिहिलं असलं तर दाखवा.

त्या दिवशी संध्याकाळी मिनूच्या पप्पानंही हेच विचारलं होतं. जेवता जेवता, सहज, "नवरी कशी होती? गोरी होती का?"

"मिनू होती," मी म्हणलं. "एवढी गोरी पोरगी पांढुर्ण्यानं कधी पाह्यली नसेल."